अंडाशयाच्या कर्करोगात संप्रेरकांचा दुसरा डाव

अंडाशयाच्या कर्करोगाच्या उपचारांत मोठी बातमी क्वचितच येते. २०२५ मध्ये मात्र अशा दोन बातम्या आल्या. जूनमध्ये शिकागो येथे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीच्या वार्षिक परिषदेत ‘रोसेला’ या चाचणीचे निष्कर्ष मांडले गेले आणि त्याच वेळी ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्टोबरमध्ये बर्लिनच्या युरोपीय कर्करोग परिषदेत ‘कीनोट-बी९६’ या दुसऱ्या चाचणीची आकडेवारी जाहीर झाली. पहिल्या चाचणीतले औषध शरीरातल्या एका संप्रेरकाची वाट अडवते. दुसरीतले औषध प्रतिकारपेशींना लागलेला ब्रेक सोडवते. वरवर पाहता दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले संशोधन शेजारी ठेवून पाहिले, तर संप्रेरके आणि प्रतिकारपेशी ही या आजारात दोन वेगळी प्रकरणे नाहीत, हे लक्षात येते.

हा विषय महत्त्वाचा का, हे आकडे सांगतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे सव्वातीन लाख स्त्रियांना अंडाशयाचा कर्करोग होतो आणि दोन लाखांहून अधिक जणी त्याने दगावतात. भारतात नव्या रुग्णांची संख्या सुमारे ४७ हजार आणि मृत्यूंची जवळपास ३३ हजार आहे. म्हणजे इथे दर तीन नव्या निदानांमागे दोन मृत्यू होतात. आजार बहुतेक वेळा पोटात पसरल्यावरच लक्षात येतो. शस्त्रक्रिया आणि प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीने तो सुरुवातीला चांगला आटोक्यात येतो, पण अनेक रुग्णांत पुन्हा उलटतो. शेवटच्या प्लॅटिनम डोसनंतर सहा महिन्यांच्या आत तो परतला, तर त्याला ‘प्लॅटिनमला न जुमानणारा’ आजार म्हणतात. वर उल्लेख केलेल्या दोन्ही चाचण्या याच टप्प्यावरच्या स्त्रियांसाठी होत्या. या टप्प्यावर डॉक्टरांच्या हाती आजवर फारच थोडी साधने होती.

संप्रेरके बनवणाऱ्या अवयवाचे कोडे

रिसेप्टर म्हणजे पेशीवर किंवा पेशीच्या आत असलेले, ठरावीक रेणूलाच ओळखणारे प्रथिन. संप्रेरक ही किल्ली मानली तर रिसेप्टर हे तिचे कुलूप. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल यांची कुलुपे पेशीच्या आत असतात. किल्ली बसली की ती थेट जनुकांपर्यंत पोहोचतात आणि कोणती जनुके चालू ठेवायची, कोणती बंद करायची, यात हस्तक्षेप करतात.

स्तनाच्या कर्करोगात या कुलुपांची तपासणी आता नेहमीची झाली आहे. बायोप्सीच्या अहवालात ‘ईआर’ आणि ‘पीआर’ या दोन नोंदी नसतील, तर उपचार ठरवताच येत नाहीत. त्याची मुळे फार मागे जातात. १८९६ मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रीची अंडाशये काढल्यावर गाठी कमी झाल्याचे दाखवले होते. पुढे टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल यांसारख्या गोळ्यांनी हेच काम शस्त्रक्रियेविना साधले.

इस्ट्रोजेन प्रामुख्याने अंडाशयात तयार होते. मग खुद्द अंडाशयाच्या कर्करोगात या गोळ्या जोरात चालायला हव्यात, अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात तसे होत नाही. एक कारण असे की, ‘अंडाशयाचा कर्करोग’ हा एक आजार नाही. सर्वाधिक आढळणारा आणि सर्वाधिक घातक असा ‘हाय-ग्रेड सिरस’ प्रकार बहुधा अंडाशयात सुरूच होत नाही. बीजवाहिनीच्या टोकाच्या झालरीसारख्या भागात तो सुरू होतो आणि अंडाशयावर येऊन वाढतो. ‘लो-ग्रेड सिरस’, ‘एंडोमेट्रिऑइड’, ‘क्लिअर सेल’, ‘म्युसिनस’ हे इतर प्रकार. त्यांची जनुके वेगळी, वागणूक वेगळी आणि कुलुपेही वेगळी.

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले ते २०१३ मध्ये. अनेक देशांतील संशोधकांच्या एका गटाने १२ अभ्यासांतील २,९३३ स्त्रियांच्या गाठींचे नमुने एकाच पद्धतीने तपासून ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निष्कर्ष मांडले. हाय-ग्रेड सिरस गाठींपैकी सुमारे ८० टक्के गाठींत इस्ट्रोजेन रिसेप्टर होता, पण तो असल्या-नसल्याने आयुष्यमानात ठळक फरक पडत नव्हता. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर जेमतेम एक तृतीयांश गाठींत होता, आणि तो ठळकपणे असलेल्या स्त्रिया मात्र अधिक काळ जगल्या. एंडोमेट्रिऑइड प्रकारात दोन्ही रिसेप्टर चांगल्या भवितव्याची खूण ठरले. क्लिअर सेल आणि म्युसिनस गाठींत हे दोन्ही कमीच आढळले.

संप्रेरकरोधक गोळ्यांचा सर्वांत ठोस फायदा दिसतो तो लो-ग्रेड सिरस या विरळ आणि तुलनेने तरुण स्त्रियांना होणाऱ्या प्रकारात. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने २०१७ मध्ये २०३ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. केमोथेरपीनंतर संप्रेरकरोधक गोळ्या चालू ठेवलेल्या स्त्रियांत आजार न वाढता गेलेला मध्यक काळ सुमारे ६५ महिने होता. गोळ्या न घेतलेल्यांत तो सुमारे २६ महिने होता. हा अभ्यास जुन्या नोंदींवर आधारलेला असल्याने त्याला मर्यादा आहेत, तरी फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. हाय-ग्रेड प्रकारात मात्र कुलूप दिसते, किल्ली काढूनही घेता येते, पण दार फारसे हलत नाही.

गाठीत शिरलेले आणि बाहेर अडकलेले

दुसरी गोष्ट सुरू होते २००३ मध्ये. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉर्ज कूकोस यांच्या गटाने अंडाशयाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगाचे १८६ नमुने तपासले. प्रश्न साधा होता: रोगप्रतिकार यंत्रणेतील ‘टी-पेशी’ गाठीच्या आत शिरल्या आहेत की नाहीत? उत्तर थक्क करणारे निघाले. ज्यांच्या गाठीत टी-पेशी होत्या, त्या स्त्रियांपैकी ३८ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण अवघे ४.५ टक्के होते.

पुढच्याच वर्षी दुसरी बाजू समोर आली. गाठीत शिरणारी प्रत्येक टी-पेशी रुग्णाच्या बाजूची नसते. ‘नियामक’ टी-पेशी इतरांना शांत करण्याचे काम करतात. निरोगी शरीरात हे काम गरजेचे आहे, नाहीतर प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटेल. पण गाठ रासायनिक इशारे पाठवून नेमक्या याच पेशींना आपल्याकडे बोलावते, आणि त्यांची गर्दी जितकी जास्त तितके रुग्णाचे आयुष्य कमी, असे २००४ च्या त्या अभ्यासात दिसले.

२०१७ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या नमुन्यांवर हा हिशेब पुन्हा मांडला गेला. हाय-ग्रेड सिरस प्रकारात, कर्कपेशी मारणाऱ्या ‘सीडी८’ टी-पेशी गाठीत अजिबात नसलेल्या स्त्रियांचा मध्यक आयुष्यकाळ २.८ वर्षे होता. त्या भरपूर असलेल्यांचा ५.१ वर्षे. मधल्या पायऱ्याही त्याच क्रमाने चढत्या होत्या. जितके पहारेकरी आत, तितके आयुष्य अधिक.

इतका स्पष्ट संबंध दिसल्यावर फुप्फुस आणि त्वचेच्या कर्करोगात क्रांती घडवणारी इम्युनोथेरपी इथेही चालेल, असे वाटणे स्वाभाविक होते. ही औषधे टी-पेशींवरचा ‘पीडी-१’ नावाचा ब्रेक किंवा गाठीवरचा त्याचा जोडीदार ‘पीडी-एल१’ निकामी करतात. पण अव्हेल्युमॅब आणि अटेझोलिझुमॅब या औषधांच्या मोठ्या चाचण्या एकामागून एक अपेक्षाभंग करून गेल्या. पहारेकऱ्यांच्या हातातली बेडी काढली, तरी त्यांना शांत करणारी माणसे अवतीभवती होतीच.

रिसेप्टर पाहायचा कोणत्या पेशीत?

या दोन गोष्टी जिथे एकमेकींना भेटतात, ती जागा समजून घेण्यासारखी आहे. आजवर रिसेप्टर शोधला जात होता तो कर्कपेशीत. पण इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांचे रिसेप्टर प्रतिकारपेशींतही असतात. म्हणजे संप्रेरकाचा निरोप गाठीला पोहोचला नाही, तरी तिच्याभोवतीच्या पहाऱ्याला तो पोहोचू शकतो.

फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१७ मध्ये नेमके हेच उंदरांत दाखवले. त्यांनी मुद्दाम अशा गाठी निवडल्या, ज्यांच्या कर्कपेशींना इस्ट्रोजेनशी काही देणेघेणे नव्हते. तरीही उंदरांची अंडाशये काढून इस्ट्रोजेन बंद केल्यावर आजाराची वाढ मंदावली. इस्ट्रोजेनचा परिणाम होत होता तो अस्थिमज्जेवर. तिथून प्रतिकार दडपणाऱ्या ‘मायलॉइड’ पेशी अधिक संख्येने बाहेर पडत आणि टी-पेशींना निष्प्रभ करत. हाय-ग्रेड प्रकारात इस्ट्रोजेन रिसेप्टरची नोंद भवितव्याबद्दल फारसे का सांगत नाही, याचे एक संभाव्य उत्तर इथे मिळते. नोंद कर्कपेशीतल्या कुलपाची होते आणि कारभार चालतो दुसऱ्याच दाराने. अर्थात, हा पुरावा उंदरांतला आहे. इम्युनोथेरपीला संप्रेरकरोधक गोळीची जोड दिल्याने स्त्रियांचे आयुष्य वाढते, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

कॉर्टिसॉलची कथा मात्र दवाखान्यापर्यंत पोहोचली आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी हे संप्रेरक तयार करतात. ज्या रिसेप्टरवर ते काम करते, त्याला ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर म्हणतात आणि तो शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत असतो. प्रतिकारपेशींत तो चालू झाला की त्या थंडावतात. दम्यापासून संधिवातापर्यंत स्टेरॉइड औषधे ज्या गुणामुळे उपयोगी पडतात, तो हाच. कर्कपेशीत त्याचे काम आणखी वेगळे आहे. केमोथेरपीने जखमी झालेल्या पेशीने स्वतःला संपवायचे असते. चालू झालेला हा रिसेप्टर तिला तगून राहण्याची जनुके पुरवतो.

रोसेला चाचणीतील ‘रिलाकोरिलंट’ हे औषध याच रिसेप्टरवर बसून कॉर्टिसॉलला जागा मिळू देत नाही. चाचणीत ३८१ स्त्रिया होत्या. अर्ध्यांना नॅब-पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध एकटे मिळाले, तर अर्ध्यांना त्याच्या जोडीला केमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी रिलाकोरिलंट. आजार न वाढता गेलेला मध्यक काळ ५.५ महिन्यांवरून ६.५ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्यकाळ, जूनमध्ये मांडलेल्या अंतरिम हिशेबानुसार, ११.५ महिन्यांवरून जवळपास १६ महिन्यांवर गेला. रुग्ण निवडताना कोणत्याही विशेष जैविक खुणेची अट नव्हती.

एरंडेल, स्टेरॉइड आणि केमोची खोली

चाचणीत साधे पॅक्लिटॅक्सेल न वापरता ‘नॅब’ प्रकार का वापरला, याच्या उत्तरात या विषयातला सर्वांत व्यवहार्य धडा आहे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेल तेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळून दिले जाते. या द्रावकाची काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होते आणि ती टाळण्यासाठी केमोपूर्वी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलच्याच कुलपाला लागणारे, पण त्याहून कित्येक पट प्रबळ औषध आहे. जो रिसेप्टर बंद ठेवायचा, तोच उपचाराच्या दिवशी पूर्ण ताकदीने चालू करायचा, अशी ही विसंगती. नॅब-पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेले असते. त्याला तो द्रावक लागत नाही, त्यामुळे आधी स्टेरॉइड देण्याची सक्तीही उरत नाही.

याचा अर्थ केमोपूर्वीचे स्टेरॉइड घातक आहे, असा मुळीच नाही. साध्या पॅक्लिटॅक्सेलपूर्वी ते टाळले तर ॲलर्जीने जीव धोक्यात येऊ शकतो. मळमळ रोखण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी परस्पर ते बंद करणे ही गंभीर चूक ठरेल. मात्र आजवर केवळ पूर्वतयारी मानल्या गेलेल्या औषधाकडेही उपचाराचा भाग म्हणून पाहिले पाहिजे, हा विचार आता डॉक्टरांसमोर आहे.

‘कॉर्टिसॉल’ हा शब्द सध्या समाजमाध्यमांवर तणावाचा समानार्थी बनला आहे आणि ते कमी करण्याचा दावा करणाऱ्या चूर्ण-गोळ्यांची बाजारात रेलचेल आहे. रोसेलाच्या निकालाचा त्यांच्याशी संबंध नाही. त्या चाचणीत ठरावीक रिसेप्टर अडवणारे औषध केमोसोबत, मोजून तीन दिवस दिले होते. त्यावरून मानसिक ताणामुळे अंडाशयाचा कर्करोग होतो किंवा एखाद्या चूर्णाने तो बरा होतो, असे काहीही सिद्ध होत नाही.

आणखी एक सावधगिरी शास्त्रीय आहे. रिलाकोरिलंटचा फायदा कर्कपेशींना केमोसमोर उघडे पाडल्यामुळे झाला, की प्रतिकारपेशींवरचा दाब उठल्यामुळेही झाला, याचा निवाडा या चाचणीने केलेला नाही. तिने मोजले ते आयुष्य. कारणाचा छडा लावण्यासाठी उपचारापूर्वी आणि नंतर घेतलेल्या गाठींच्या नमुन्यांतील टी-पेशी मोजाव्या लागतील.

दुसरी बातमी आणि तिची किंमत

कीनोट-बी९६ चाचणीत ६४३ स्त्रिया होत्या. दर आठवड्याला दिल्या जाणाऱ्या पॅक्लिटॅक्सेलला, गरजेनुसार बेव्हॅसिझुमॅबसह, पेम्ब्रोलिझुमॅबची जोड दिली गेली. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ ठरावीक प्रमाणात होते, त्यांचा मध्यक आयुष्यकाळ १४ महिन्यांवरून १८.२ महिन्यांवर गेला. आधीच्या अपयशांनंतर प्लॅटिनमला न जुमानणाऱ्या आजारात इम्युनोथेरपीने आयुष्य वाढवल्याचे मोठ्या चाचणीतून दिसले, ही मोठीच गोष्ट. पण दोन्ही बातम्यांत वाढ आहे ती चार-साडेचार महिन्यांची. एखाद्या घराला हे महिने अनमोल असतात. मुलीचे लग्न, नातवाचे बारसे त्यात बसते. तरीही याला ‘कर्करोगावर विजय’ म्हणणे रुग्णांची दिशाभूल करणारे ठरेल. शिवाय थकवा, रक्तक्षय आणि पांढऱ्या पेशी घटणे या त्रासांची किंमतही त्यात मोजावी लागते.

भारतात खरा प्रश्न औषध परवडण्याचा आहे. पीडी-१ रोखणाऱ्या औषधांचा खर्च काही लाखांत जातो आणि बहुतेक कुटुंबांना तो झेपत नाही. या बाबतीत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने एक वेगळी वाट दाखवली आहे. डोके व मानेच्या कर्करोगात निव्होल्युमॅबचा नेहमीचा डोस न देता अवघे २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी दिले, तर एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले, असे तिथल्या २०२३ मधील चाचणीत दिसले. तो आकडा अंडाशयाच्या कर्करोगाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण इथल्या स्त्रियांसाठी कमी डोसाची चाचणी का घेऊ नये, हा प्रश्न त्यातून रास्तपणे उभा राहतो.

आज काय करता येईल?

ही औषधे गावपातळीपर्यंत पोहोचायला वेळ लागेल. तोवर काही गोष्टी आजच हाताशी आहेत. पहिली, अहवालात केवळ ‘अंडाशयाचा कर्करोग’ एवढेच न लिहिता नेमका प्रकार लिहिलेला असणे. लो-ग्रेड सिरस आणि एंडोमेट्रिऑइड प्रकारांत ईआर-पीआरची तपासणी उपचारांची दिशा बदलू शकते, आणि ती स्तनाच्या कर्करोगासाठी लागणाऱ्या त्याच साध्या चाचणीने होते. दुसरी, बीआरसीए जनुकांची तपासणी. तिच्यावरून गोळीचे उपचार ठरतात आणि बहिणी-मुलींनाही वेळेत सावध करता येते.

तिसरी गोष्ट संप्रेरकांच्या वापराची. गर्भनिरोधक गोळ्यांच्या दीर्घ वापराने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचारांनी तो किंचित वाढतो: पन्नाशीच्या सुमारास पाच वर्षे उपचार घेणाऱ्या हजार स्त्रियांमागे साधारण एक जादा रुग्ण. ही संख्या भीतीने उपचार सोडण्याइतकी मोठी नाही आणि डॉक्टरांशी न बोलता ते वर्षानुवर्षे चालू ठेवण्याइतकी नगण्यही नाही.

चौथी गोष्ट लक्षणांची. धडधाकट स्त्रियांची सरसकट सोनोग्राफी किंवा ‘सीए-१२५’ ही रक्ततपासणी करून मृत्यू टळत नाहीत, हे ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीने २०२१ मध्ये स्पष्ट केले. म्हणून पोट सतत फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे हे त्रास नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे रोजच्या रोज टिकले, तर ते ‘गॅस’ म्हणून अंगावर काढू नयेत. घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर स्वतःच्या दुखण्याकडे पाहण्याची सवय या आजारात फार महाग पडते.

संशोधनाची दिशा आता बदलते आहे. गाठीत कोणता रिसेप्टर आहे एवढे विचारून भागणार नाही. तो कोणत्या पेशीत आहे, त्याच्या शेजारी कोणती प्रतिकारपेशी उभी आहे आणि तिच्यापर्यंत कोणत्या संप्रेरकाचा निरोप पोहोचतो आहे, हे एकत्र पाहावे लागेल. एकाच नमुन्यात ही तिन्ही उत्तरे देणारी तंत्रे प्रयोगशाळांत आली आहेत. ती नेहमीच्या तपासणीचा भाग होतील, तेव्हा कोणत्या रुग्णाला गोळी, कोणाला इम्युनोथेरपी आणि कोणाला दोन्ही, हे अंदाजाने नव्हे, तर पाहून ठरवता येईल.